डाव्या हाताची ढाल

सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या आमच्या जळगाव जामोदच्या पोरांना घोरपड काही नवी नाही. त्यामुळे कोंढाण्याची गोष्ट सांगताना शाहीर तुळशीदासाच्या पोवाड्यातली घोरपड आली, की मागच्या बाकावर खसखस पिकते. "गुरुजी, एवढ्या गड्यांचं वजन तिला पेललं कसं?" आजवर मी हसून वेळ मारून नेत असे. यंदा मात्र पोवाडा आणि सभासदाची बखर शेजारी ठेवून वाचली.

बखरीत घोरपड नाही, रायबाचे लग्नही नाही. निवडक मावळे वानरांसारखे कडा चढतात. ४ फेब्रुवारी १६७० च्या त्या रात्री उदयभानाशी झुंजताना तानाजीची ढाल तुटते, दुसरी वेळेवर मिळत नाही. तेव्हा तो डाव्या हाताचीच ढाल करून वार झेलतो. या एका हातापुढे मला ती सारी घोरपड फिकी वाटली.

हात म्हटल्यावर बेडिव्हिअर आठवला. माझे इंग्रजी मॅट्रिकपुरते. पण आर्थर राजाची कथा कोणाला अपरिचित आहे? जुन्या वेल्श कथेत हा सरदार एकहाती आहे, तरी तिघांना भारी. पुढे मॅलरीच्या १४८५ साली छापलेल्या ग्रंथात घायाळ राजा त्याला आपली तलवार पाण्यात फेकायला सांगतो. रत्नजडित मूठ पाहून त्याचे मन होत नाही. दोनदा ती लपवून तो राजाशी चक्क खोटे बोलतो! तिसऱ्या खेपेस फेकतो. तरीही राजाच्या अखेरच्या घटकेला जवळ असतो तो हाच.

आमच्या शाहिराने लग्नघर उभे केले, ही त्याची मोठी समज. जाणाऱ्याच्या मागे काहीतरी राहिले पाहिजे, हे त्याला ठाऊक होते. आम्ही मास्तर आणि कादंबरीकार मात्र ते लग्न एका वाक्यात मोडतो नि गडाकडे धावतो. उमरठच्या त्या घरात मांडव पाहून बापाचा पाय क्षणभर अडखळला असेल, असे लिहायला आम्हाला भीती वाटते. जणू त्याने निष्ठा उणी होईल!

दुसऱ्याचे कशाला सांगू? माझ्याच एका कादंबरीतला सरदार अडीचशे पाने हुकूम झेलतो. एकदाही त्याला 'नको' वाटत नाही. वाचक त्याला विसरले, यात नवल नाही. दुसऱ्या आवृत्तीचा योग आलाच, तर निघण्याआधी एक रात्र त्याला घराच्या उंबऱ्यावर बसवून ठेवणार आहे.