आवाज पोचला, हात राहिला

लग्नसराईत ऑक्टापॅड ऐकणाऱ्या घोटीकरांना रोलँड हे नाव परकं नाही. याच कंपनीच्या 1980 च्या जीआर-300 सिंथेसायझरला जी-303 गिटार जोडायची ती 24 पिनांच्या केबलनं. पुढे 13 पिना आल्या. 2023 च्या जीएम-800 ला तर डिजिटल जोडणी. जुनी गिटार त्याला लावायची तर मधे बीसी-13 आणि जीकेसी-एडी असे दोन डबे. सहा तारांचे सहा सिग्नल पोचतात हो! पण गिटारवरचं फिल्टरचं बटण? 13 पिनांत त्याला जागाच ठेवलेली नाही. वाजवणाऱ्याचा एक हात बांधल्यासारखंच झालं. म्हणून आम्ही याला जोडणी म्हणतो, वारसा नाही. वारसा हवा असेल, तर जुनी यंत्रं दुरुस्त करणारे कारागीर जपले पाहिजेत.