परावृत्ती : अलंकार आणि चिन्ह

इंग्रजीत ‘ॲपॉस्ट्रॉफी’ हा एकच शब्द दोन गोष्टींना लावला जातो : अनुपस्थित व्यक्तीस, देवतेस वा अचेतन वस्तूस उद्देशून केलेले संबोधन, आणि गाळलेल्या अक्षराच्या जागी येणारे चिन्ह. दोहोंच्या मुळाशी ‘पाठ फिरवणे’ हा ग्रीक अर्थ आहे. पहिल्या शतकातील रोमन वक्तृत्वमीमांसक क्विंटिलियन याच्या विवेचनात हा अलंकार न्यायालयातला आहे. वक्ता न्यायाधीशाकडून वळून दुसऱ्याच कुणाशी बोलू लागतो. न्यायाधीश मात्र ऐकतच असतो. किंबहुना त्याने ऐकावे यासाठीच ते वळणे असते.

आपल्याकडे या अलंकाराची बोळवण पुष्कळदा चेतनगुणोक्तीत केली जाते. हे समाधानकारक नाही. चेतनगुणोक्ती निर्जीवावर सजीवाचे गुण आरोपिते. बोलणारा कुणाकडून वळला, हा प्रश्न ती विचारीत नाही. संस्कृतात याच्या जवळच्या संकल्पना नाट्यविचारात आढळतात. धनंजयाच्या ‘दशरूपका’त ‘अपवारित’ हे परावृत्त होऊन केलेले भाषण आहे, पण ते इतर पात्रांनी ऐकू नये असा संकेत असतो. ‘आकाशभाषिता’त नट रंगमंचावर नसलेल्या पात्राशी बोलतो. प्रस्तुत अलंकाराची जागा या दोहोंच्या मध्ये आहे. ‘परिवृत्ती’ या विनिमयवाचक अलंकाराशी गल्लत होण्याचा धोका पत्करूनही त्यास ‘परावृत्ती’ म्हणावे, असे वाटते.

परावृत्तीचे मर्म कीर्तनात प्रत्ययास येते. विठ्ठलाशी भांडणारा तुकोबांचा अभंग कीर्तनकार श्रोत्यांपुढे गातो, तेव्हा तक्रार देवाकडे असते आणि कान सभेचे असतात. अखेरीस ‘तुका म्हणे’ ही नाममुद्रा येते. तिच्यानंतरही पुष्कळदा संबोधन देवासच चालू राहते, हे खरे. परंतु समोरच्या देवाशी बोलणारा स्वतःचा उल्लेख तृतीय पुरुषात का करील? ते दोन शब्द सभेसाठी आहेत. शिखांच्या आदिग्रंथात समाविष्ट झालेल्या नामदेवांच्या पदांतही नाममुद्रा आढळते. भाषा आणि सभा दोन्ही बदलल्या, तरी ही खूण टिकली.

जोनाथन कलर यांनी १९७७ च्या आपल्या निबंधात असे दाखविले की, अशा संबोधनातून कवी स्वतःस द्रष्टा म्हणून सिद्ध करू पाहतो, आणि समीक्षक त्यापुढे संकोचतात. अभंगास हे फारसे लागू पडत नाही. तेथे कवी मोठा होत नाही; तो साक्षीदारांपुढे गाऱ्हाणे मांडतो. कलर यांचे विवेचन सावरकरांच्या १९०९ मधील सागरास उद्देशून लिहिलेल्या कवितेला अधिक जुळते. तेथे ब्रायटनच्या किनाऱ्यावरचा कवी आर्जवाकडून दोषारोपाकडे आणि शेवटी अगस्तीचे नाव घेऊन धमकीकडे जातो. नाममुद्रा नाही, सभेकडे परतणे नाही. कविता संपते तेव्हाही कवीचे तोंड समुद्राकडेच आहे. तिला सभा मिळाली ती पुढे, गायनामुळे.

चिन्हाची कथा निराळी. संस्कृतात अवग्रह ‘सोऽहम्’सारख्या संधीतील लोपलेला ‘अ’ दाखवितो. म्हणजे युरोपीय चिन्हाचेच काम करतो. मराठी संवादलेखनात मात्र, हिंदीप्रमाणेच, ‘आईऽऽ’ अशा हाकेतला लांबलेला स्वर दाखविण्यासाठी तो छापतात. लोपाचे चिन्ह हाकेचे झाले! दुरून हाक मारताना वाक्यान्तीचा स्वर प्लुत होतो, असे पाणिनीने सांगितले आहे, आणि संस्कृत लेखनात तो प्लुत ३ या अंकाने दाखवितात. मराठीने तो अंक बाजूस ठेवला आणि अवग्रह उचलला.