पायरी, पौळ, पटिशाळ

देवळाच्या, किल्ल्याच्या किंवा समाधिस्थळाच्या दारात ध्वनिमार्गदर्शक सुरू केला की सुरुवात बहुधा ठरलेली असते: समोर दिसणारी ही भव्य वास्तू अमुक साली अमक्याने बांधली. ज्याला समोरचे दिसत नाही त्याच्या पदरात यातून फक्त साल आणि नाव पडते. भव्य म्हणजे किती, समोर म्हणजे किती पावलांवर, दार कोणत्या अंगाला, पायऱ्या किती, त्यांना कठडा आहे की नाही, आत गेल्यावर डोक्यावर छत आहे की आभाळ, हे काहीच कळत नाही. म्हणजे वास्तूच कळत नाही. अंध आणि अल्पदृष्टी माणसांना वास्तू शब्दांतून दाखवणे ही स्वतंत्र कला आहे. मराठीत ती आज जवळपास नाही, आणि ती नसण्याचे कारण भाषेची गरिबी हे मात्र मुळीच नाही.

या कलेला आजचे रूप आले ते नाटकामुळे. वॉशिंग्टनच्या अरीना स्टेज या नाट्यगृहात १९८१ साली मार्गारेट फॅनस्टील आणि कोडी फॅनस्टील या दोघांनी अंध प्रेक्षकांसाठी प्रयोगाचे श्राव्यवर्णन सुरू केले. मार्गारेटबाईंची स्वतःची दृष्टी गेलेली होती. पुढे संग्रहालये आणि राष्ट्रीय उद्यानांसाठीही अशी वर्णने तयार झाली. फॅनस्टील यांचा दंडक कडक होता: जे दिसते तेवढेच सांगा, अर्थ ऐकणाऱ्याला लावू द्या. रंगभूमीवर हे पटते. नटाने मान खाली घातली एवढे सांगावे, तो खजील झाला हे प्रेक्षकाने ओळखावे. वास्तूला मात्र हा दंडक अपुरा पडतो, असे माझे स्पष्ट मत आहे. वास्तू नुसती दिसत नसते. तिच्यात पाय चढतात, आवाज घुमतो, उन्हातून सावलीत येताच अंगाला फरक जाणवतो. डॅनिश वास्तुतज्ज्ञ स्टीन आयलर रासमुसेन यांनी वास्तूच्या अनुभवावरील आपल्या पुस्तकात ऐकू येणाऱ्या वास्तूवर वेगळे प्रकरणच लिहिले. सान फ्रान्सिस्कोचे वास्तुविशारद ख्रिस डाउनी यांची दृष्टी २००८ साली गेली, तरी त्यांनी व्यवसाय सोडला नाही. डोळ्यांपुरतेच वर्णन लिहिणारा या साऱ्या अनुभवाला कात्री लावतो.

आपल्याकडे काय आहे? दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात २०१५ साली ‘अनुभव’ हे स्पर्शदालन उघडले. तिथे प्रतिकृती हाताळता येतात, ब्रेल पाट्या आहेत, ध्वनिमुद्रित माहिती आहे. काम चांगले आहे, पण ते वस्तूंचे. वास्तू हातात मावत नाही, तिच्यात शिरावे लागते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दृक्‌श्राव्य माध्यमांसाठी श्राव्यवर्णनाचा उल्लेख आला आणि चित्रपटगृहांसाठी २०२४ मध्ये मार्गदर्शक सूचनाही निघाल्या. मराठीपुरते बोलायचे तर स्वागत थोरात यांनी २००८ साली ‘स्पर्शज्ञान’ हे ब्रेल पाक्षिक सुरू केले, हे मोठे पाऊल होते. पण ब्रेल घरी बसून वाचायचे. देवळाच्या पायरीशी उभ्या असलेल्या माणसाला त्या क्षणी कानाशी बोलणारे कोणीतरी हवे असते.

ऐकणाऱ्याला जागेत फिरवणारे असे गद्य मराठीने फार पूर्वी लिहिले आहे आणि त्याचे मूळ आपल्या अमरावती जिल्ह्याशी जोडलेले आहे. महानुभाव पंथाचे रिद्धपूर मोर्शी तालुक्यातले. म्हाइंभटांचे ‘लीळाचरित्र’ तिथे सिद्ध झाले. त्याच परंपरेत चौदाव्या शतकात मुनिव्यास कोठी यांनी ‘स्थानपोथी’ रचली. पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी जिथे बसले, निजले, जेवले ती स्थाने पुढच्या पिढ्यांना सापडावीत हा तिचा हेतू. म्हणून तिच्यात देऊळ कोणत्या दिशेला तोंड करून आहे, पौळीचे (आवारभिंतीचे) दार कुठे, पटिशाळ (ओसरी) कोणत्या अंगाला, त्या दारापासून हे स्थान कोणत्या कोनाला, असा हिशेब गावोगाव येतो. विशेषणे जवळजवळ नाहीतच. पोथी अंधांसाठी लिहिलेली नाही. तरीही जो जागा पाहू शकत नाही त्याला त्या जागेत नेमका कसा फिरवावा, याचा याहून चांगला मराठी धडा मला माहीत नाही. आधी दिशा, मग दार, मग अंतर, मग स्थान.  वि. भि. कोलते यांनी संपादित केलेली ही पोथी अभ्यासक इतिहासासाठी चाळतात. वर्णनकाराने ती शैलीसाठी वाचावी.

वऱ्हाडात अंध माणसाच्या ज्ञानाविषयी शंका घ्यायला तर जागाच नाही. माधानचे गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) यांची दृष्टी तान्हेपणीच गेली. ग्रंथ दुसऱ्यांकडून वाचवून घेऊन आणि स्वतः सांगून त्यांनी शंभराहून अधिक ग्रंथांची रचना केली. ज्या मातीने त्यांना प्रज्ञाचक्षू म्हणून गौरवले, तिथे अंध यात्रेकरूला हात धरून रांगेतून पुढे सरकवायचे आणि दर्शन झाले म्हणायचे, हे मला फार खुपते.

गुरुकुंज मोझरीला एका अंध मित्राबरोबर गेलो तेव्हा हे विशेष जाणवले. नागपूर–अमरावती महामार्गावर, तिवसा तालुक्यात, राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ साली हा आश्रम उभारला. मित्र शाळेत ब्रेल शिकलेला, भजनात रमणारा. बरोबरच्या कार्यकर्त्याने मोठ्या आपुलकीने सारी माहिती दिली: ‘ग्रामगीता’, स्वातंत्र्यलढा, महाराजांचे १९६८ साली झालेले देहावसान. मित्राने सारे ऐकून घेतले आणि हळूच मला विचारले, “भाऊ, हे लोकं कोन्या बाजूले तोंड करून बसतात?” तोवर आमच्यापैकी एकालाही हे सांगायचे सुचले नव्हते. मग मी सांगू लागलो. पुढे उंच आसन आहे, त्यावर गादी-तक्क्या. हे अधिष्ठान. त्यावर मूर्ती नाही. त्याने पुन्हा विचारले, “मंग तुमाले तरी तिथं काय दिसते?”

या प्रश्नात मोझरीचे सारे वेगळेपण आले. सामुदायिक प्रार्थनेच्या केंद्रस्थानी दिसण्याजोगे रूपच ठेवलेले नाही. पहाटेचे ध्यान, सायंकाळची प्रार्थना, खंजिरीवरची भजने यांतून ही जागा घडते. पुण्यतिथी महोत्सवात सायंकाळी ४ वाजून ५८ मिनिटांनी हजारो माणसे एकदम स्तब्ध होतात. इथले वर्णन पाहणाऱ्याला एक आणि न पाहणाऱ्याला दुसरे असे करावे लागत नाही. रांगा कशा धरतात, बसल्यावर शेजाऱ्याचा खांदा किती अंतरावर येतो, खंजिरी कोणत्या बाजूने वाजते आणि आवाज भिंतीवरून परततो की मोकळ्यावर विरतो, एवढे सांगितले की वास्तूची निम्मी ओळख झाली. खंजिरी हातात द्यावी: लाकडी कडे, एका तोंडावर ताणलेले कातडे, कड्याच्या खाचांत किणकिणणाऱ्या चकत्या. ती बोटांनी चाचपल्यावर दूरवरून येणारा तिचा आवाज अंतर मोजायचे साधन होतो.

अल्पदृष्टी पाहुण्याची गरज निराळी, आणि तिच्याकडे सगळ्यांचेच दुर्लक्ष होते. वैशाखातल्या वऱ्हाडी उन्हातून तो आत येतो तेव्हा काही क्षण त्याला एरवी दिसते तेही दिसेनासे होते. इथे थोडे थांबा, उजव्या हाताला भिंत आहे, हे वाक्य वर्णनात असलेच पाहिजे. पायरी आणि फरशी एकाच रंगाची असेल तर तेही सांगायला हवे. रंग गाळू नयेत. बहुतेक अंधांनी कधीतरी थोडेफार पाहिलेले असते, त्यांना भगवा म्हणजे काय ते ठाऊक असते.

कोरीव कामाची मात्र खरी कसोटी लागते. अकोला जिल्ह्यातल्या नरनाळा किल्ल्याचा महाकाली दरवाजा घ्या. १४८७ सालचा, पांढऱ्या वालुकाश्माचा, कमळे आणि शिलालेख कोरलेला, दोन्ही बाजूंना जाळ्यांचे सज्जे. कमळाची पाकळी हाताला लागली तर शब्द थोडे पुरतात. पण कमान हाताच्या कितीतरी वर जाते. तिथे वर्णनकाराने हाताला लागते तिथून सुरुवात करून वर चढावे आणि पाकळ्या कमानीच्या मध्याशी पोचेपर्यंत लहान होतात की तशाच राहतात, ते सांगावे. नक्षीदार हा एक शब्द टाकून मोकळे होणे म्हणजे काम टाळणे.

हे करणारी माणसे कुठून आणायची, असा प्रश्न येतो. रिद्धपूरला मराठी भाषेचे विद्यापीठ झाले आहे. ‘स्थानपोथी’च्या परंपरेच्या गावी श्राव्यवर्णनाचा अभ्यासक्रम निघणे अगदी स्वाभाविक ठरेल. तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाचे प्रचारक गावोगाव बोलण्यात तयार झालेले असतात. त्यांना वक्तृत्व शिकवायची गरज नाही, आवरायला शिकवावे लागेल. लिहिलेला मसुदा अंध माणसाने जागेवर उभे राहून, सोबत्याच्या मदतीशिवाय तपासावा. तो जिथे अडखळेल तिथे मसुदा चुकला असे समजून वाक्य बदलावे. आणि त्या तपासणीचे मानधन त्याला मिळाले पाहिजे, कारण त्या कामातला जाणकार तोच आहे. मोझरीत पहिले वर्णन एसटी थांब्यापासून प्रार्थनेच्या बैठकीपर्यंतच्या वाटेचे व्हावे: रस्ता ओलांडायची जागा, चपला काढायची जागा, पाण्याचा नळ, आणि मग कोणत्या बाजूला तोंड करून बसायचे ते.