एकच नाव, दोन अर्थ : विंडोजवरील मल्टिकास्ट सॉकेटची चिकित्सा

स्टीव्ह डीअरिंग यांनी १९८९ मध्ये 'आरएफसी १११२' या दस्तऐवजातून आयपी मल्टिकास्टची जी कल्पना मांडली, तिचे मर्म असे की प्रेषकाला श्रोत्यांची यादी ठाऊक असावी लागत नाही. २२४.०.०.० ते २३९.२५५.२५५.२५५ या पट्ट्यातील पत्ता कोणा एका संगणकाचा नसून गटाचा असतो. ज्याला ऐकायचे आहे त्याने त्या गटात सामील व्हावे. ही कल्पना विंडोजवर प्रत्यक्षात उतरवताना विनसॉक या एपीआयमध्ये जे अर्थांतर झाले, त्याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विनसॉकची घडण बर्कले युनिक्सच्या सॉकेटवरून झाली. त्यामुळे पर्यायांची नावे दोन्हीकडे सारखीच आहेत. अडचण नेमकी येथेच सुरू होते. 'आयपी मल्टिकास्ट लूप' हा पर्याय पाहावा. एकाच संगणकावर, एकाच गटात दोन प्रोग्रॅम आहेत. पहिल्याने लूप चालू ठेवला आहे, दुसऱ्याने बंद केला आहे. युनिक्सवर हा पर्याय पाठवणाऱ्याला लागू होतो, म्हणून पहिल्याचा संदेश दुसऱ्याला मिळतो, पण दुसऱ्याचा पहिल्याला मिळत नाही. विंडोजवर तो ऐकणाऱ्याला लागू होतो आणि निष्पत्ती बरोबर उलटी होते. कंपाइलर दोन्हीकडे समाधानी असतो. त्रुटी-क्रमांकही येत नाही.

येथे विंडोजला सरसकट दोष देणे न्याय्य ठरणार नाही. स्थानिक वितरण रोखण्याची सोय प्रेषकाच्या बाजूला असावी, असे आरएफसी १११२ सुचवते. त्या अर्थी युनिक्स मूळ मसुद्याला धरून आहे. परंतु काय ऐकायचे हे श्रोत्यानेच ठरवावे, या मल्टिकास्टच्या मूळ भूमिकेशी विंडोजचा अर्थ अधिक सुसंगत वाटतो. आक्षेप आहे तो वेगळ्या अर्थाला जुनेच नाव देण्यावर. नवा अर्थ हवा होता तर नावही नवे हवे होते. (नाव तेच ठेवून क्रमांक बदलण्याचा प्रकारही घडला आहे : गटात सामील होण्याच्या पर्यायाचा क्रमांक विनसॉक १.१ मध्ये ५ होता, तो विनसॉक २ मध्ये १२ झाला.)

सॉकेट थेट गटाच्या पत्त्याशी बांधण्याची लिनक्सवरील रीत विंडोज नाकारते आणि १००४९ ही त्रुटी देते. हा भेद त्रासदायक खरा, पण निदान बोलका आहे. नेटवर्क कार्डाच्या निवडीबाबत मात्र एपीआय मौन पाळते. सामील होताना द्यावयाच्या रचनेत दोनच घटक असतात : गटाचा पत्ता आणि कार्डाचा पत्ता. दुसऱ्या जागी शून्य दिल्यास कार्यप्रणाली स्वतःच कार्ड निवडते. वायरलेस, व्हीपीएन आणि आभासी यंत्रांची कार्डे एकत्र नांदत असलेल्या आजच्या संगणकावर ही निवड अपेक्षेप्रमाणे होईलच असे नाही. शिवाय कार्डाची ओळख त्याच्या आयपी पत्त्याने पटवणे हेच मुळात कच्चे आहे. डीएचसीपीने पत्ता बदलला की ओळख गेली. आयपीव्ही६ च्या रचनेत पत्त्याऐवजी कार्डाचा क्रमांक आला आणि जानेवारी २००४ च्या आरएफसी ३६७८ ने तशीच सोय दोन्ही आवृत्त्यांसाठी सुचवली.

या मौनाची किंमत प्रयोगशाळेत मोजावी लागते. प्रात्यक्षिकात प्रेषक आणि ग्राही हे दोन्ही प्रोग्रॅम बहुधा एकाच संगणकावर चालवले जातात. लूप मुळातच चालू असतो, दोघांनाही तेच चुकीचे कार्ड मिळते आणि संदेश पडद्यावर बिनचूक उमटतो. वहीवर सही होते. तोच ग्राही शेजारच्या संगणकावर हलवला की तो निमूटपणे वाट पाहत बसतो, आणि विद्यार्थी आपल्याच प्रोग्रॅममधील ओळी पुन्हा पुन्हा तपासत राहतो.