सांगलीचा प्रेक्षक आणि भाव्यांची संहिता

१८४२ मध्ये कर्कीची भागवत मंडळी सांगलीत आली. तिचे कानडी खेळ पाहून संस्थानाधिपती चिंतामणराव पटवर्धनांनी विष्णुदास भाव्यांना मराठीत तसे खेळ रचावयास सांगितले. १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ रंगले. समीक्षा या घटनेत केवळ ‘प्रभाव’ पाहते. वस्तुतः तो रसास्वादाचा पुरावा आहे: गायन, नर्तन, सोंगे यांची गोडी आधी लागली, संहिता मागाहून आली. (सांगली कानडी मुलखालगतची, हेही विसरता येत नाही.) भाव्यांच्या खेळांत पदे सूत्रधार गाई, भाषणे पात्रे आयत्या वेळी करीत. ‘नाट्यकवितासंग्रहा’त उरली ती पदे. तेवढ्यावरून या नाटकांना ‘अविकसित’ ठरविणे अन्यायाचे आहे. पानावर नसलेले पुष्कळसे नाटक प्रेक्षकांसमोर घडून गेले होते.