आगबोटीवरील दोन विद्यार्थी

परदेशीं विद्या संपादण्यास गेलेल्या तरुणांचीं पत्रें व रोजनिश्या वाचण्याची हौस आपल्या सुशिक्षित कुटुंबांत बरीच जुनी आहे. बंदरें किती लागलीं, समुद्र कोठें खवळला, जेवणाचे हाल किती झाले, हें सारें आपण आवडीनें वाचतों. पण या लिखाणाची परीक्षा करण्याची पाळी आली म्हणजे आपण त्याला प्रवासवर्णनाचेंच माप लावून मोकळे होतों. आमच्या मतें तें माप येथें अपुरें आहे. विद्यार्थ्याच्या लिखाणांत पाहावयाचें तें हें कीं, जो बोटीवर चढला तोच जसाच्या तसा पलीकडे उतरला, कीं वाटेंत त्याच्या ठिकाणीं कोणी निराळें माणूस घडूं लागलें? हा प्रश्न विचारण्यास कोल्हापूरच्या वाचकाला फार लांब जावें लागत नाहीं. या नगरीशीं संबंध असलेलीं अशीं दोन लेखनें उपलब्ध आहेत, आणि तीं एकमेकांशेजारीं ठेवून वाचण्याजोगीं आहेत.

पहिलें लेखन कोल्हापूरचे छत्रपती राजाराममहाराज यांची रोजनिशी. १८७० च्या उन्हाळ्यांत महाराज विलायतेस गेले तेव्हां त्यांचें वय अवघें वीस वर्षांचें होतें. सुवेझचा कालवा खुला होऊन वर्षही झालें नव्हतें. समुद्र ओलांडणें निषिद्ध मानणारा समाज सभोंवतीं होता. आणि हिंदी संस्थानिकानें युरोपांत जाण्याची चाल तर पडलीच नव्हती. महाराज कोणा विद्यापीठांत नांव घालण्यास गेले नाहींत हें खरें. परंतु पुढें राज्य करावयाच्या तरुणाच्या शिक्षणाचाच हा एक भाग होता, म्हणून त्यांना विद्यार्थी म्हणण्यास हरकत नसावी. ही रोजनिशी इंग्रजींत आहे. महाराजांबरोबर प्रवासांत असलेले इंग्रज अधिकारी कॅप्टन एडवर्ड वेस्ट यांनीं ती १८७२ सालीं लंडनांत प्रसिद्ध केली. तोंपर्यंत तिचा लेखक हयात नव्हता. परतीच्या वाटेवर ३० नोव्हेंबर १८७० रोजीं इटलींतील फ्लॉरेन्स शहरीं महाराजांचा अंत झाला.

ही हकीकत मनांत ठेवून रोजनिशी उघडणारा वाचक प्रथम थोडा निराश होतो. आज अमुक ठिकाण पाहिलें, अमुक गृहस्थांची भेट झाली, सायंकाळीं नाटकास गेलों, अशा नोंदी एकामागून एक येतात. पार्लमेंट येतें, राणी व्हिक्टोरियाची भेट येते, संग्रहालयें येतात. पण पाहणाऱ्याच्या मनांत काय उलथापालथ झाली, हें फारसें हातीं लागत नाहीं. घरची आठवण, जातीचा धाक, परक्या दरबारांत वावरतांना वाटलेला संकोच किंवा अभिमान, यांचा माग आपण पानोपानीं शोधतों, आणि पुढच्या दिवसाची तारीख येते.

याचा दोष महाराजांच्या बुद्धीला देणें अन्यायाचें होईल. वीस वर्षांच्या मुलानें शिकून घेतलेल्या परभाषेंत, परक्यांच्या देखरेखीखालीं लिहावयाचें, आणि देखरेख करणाऱ्यापैकींच कोणी तें उद्यां वाचणार हें मनांत असावयाचें, अशा स्थितींत दुसरें काय लिहून होणार? आमच्या मतें मर्माची गोष्ट हीच आहे. महाराज स्वदेश सोडून गेले, पण त्यांची शाळा मागें राहिली नाहीं; तीही त्यांच्याबरोबर बोटीवर चढली. हजारों मैलांचा समुद्र ओलांडूनही विद्यार्थी व पालक यांच्यामध्यें एका हाताचें अंतर पडलें नाहीं. म्हणून ती रोजनिशी शेवटपर्यंत नीटनेटक्या अभ्यासवहीसारखी राहिली.

दुसरें लेखन डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पत्रांचें. त्यांचा कोल्हापूरशीं संबंध वाचकांस दूरचा वाटेल. पण त्यांच्या अमेरिकागमनाचा धागा याच गांवीं सुरू होतो. त्यांचे पती गोपाळराव पोस्ट खात्यांत नोकर होते. १८७८ सालीं कोल्हापुरांत असतांना त्यांनीं पत्नीच्या शिक्षणाविषयीं एका अमेरिकन मिशनऱ्यास पत्र लिहिलें. तें तिकडील मासिकांत छापलें गेलें, आणि दोन वर्षांनीं न्यू जर्सी प्रांतांतील कार्पेंटरबाईंच्या वाचनांत आलें. त्यांतून स्नेह जुळला, आणि ७ एप्रिल १८८३ रोजीं अठरा वर्षांच्या आनंदीबाई कलकत्त्याहून ‘सिटी ऑफ कॅलकटा’ या आगबोटीनें निघाल्या. इंग्लंडमार्गें त्या ४ जून रोजीं न्यूयॉर्क बंदरीं पोहोचल्या.

हे अठ्ठावन्न दिवस केवळ प्रवासाचे नव्हते. निघण्यापूर्वीं फेब्रुवारींत श्रीरामपूर येथें भरसभेंत त्यांनीं आपण अमेरिकेस कां जातों हें सांगितलें होतें, आणि हिंदू म्हणून जाऊन हिंदू म्हणूनच परत येईन असें बजावलें होतें. सभेंत प्रतिज्ञा करणें कठीण खरें. पण तिची रोजची परीक्षा बोटीवरील जेवणाच्या टेबलापाशींच व्हावयाची. सोबत होती ती मिशनरी स्त्रियांची. अन्न, भाषा, धर्म सारें निराळें. आपलें म्हणून ज्याच्याकडे वळून पाहावें असें एकही माणूस जवळ नाहीं. येथें आनंदीबाईंना प्रथमच असा प्रसंग आला कीं, काय खावें, काय नेसावें, कोणास किती उत्तर द्यावें, हें त्यांचें त्यांनाच ठरवावें लागलें.

गोपाळरावांनीं नवव्या वर्षीं वरलेल्या मुलीला स्वतः शिकविलें, हें आपण कौतुकानें सांगतों. पण तें शिक्षण एकाच छपराखालचें होतें. गुरु तोच, पति तोच, आणि शिक्षा करणाराही तोच. अशा घरांत प्रश्नाचें उत्तर तोंडीं द्यावयाचें असतें, आणि तेंही गुरूला रुचेल असें. बोट सुटली तेव्हां या गुरुशिष्यांमध्यें प्रथमच दीर्घ अंतर पडलें, आणि अंतर पडलें म्हणून पत्रें आलीं. टपाल पोहोचण्यास आठवडेच्या आठवडे लागत. तेवढ्या काळांत मनुष्य आपलें म्हणणें जुळवूं शकतो, आणि लिहून झालेलें पुन्हां वाचून स्वतःलाच ओळखूं लागतो.

याचा पुरावा म्हणजे अमेरिकेंतून पतीस लिहिलेलें तें प्रसिद्ध पत्र. लहानपणीं खाल्लेला मार, अंगावर फेकलेलीं पुस्तकें व खुर्च्या, टाकून देण्याच्या धमक्या, यांची त्यांत वयवार नोंद आहे. परंतु तें फिर्यादीचें पत्र नव्हे. या वागणुकीनें आपलें भलें झालें कीं बुरें झालें, याचा त्या शांतपणें तोल करतात, आणि दोन्ही पारडीं भरलेलीं आहेत असें सांगतात. कृतज्ञता सोडलेली नाहीं आणि सत्यही झांकलेलें नाहीं. एकोणिसाव्या शतकांतील मराठी गद्यांत इतक्या लहान वयाच्या लेखणीचें इतकें समतोल आत्मपरीक्षण आम्हांस दुसरें आठवत नाहीं. कादंबऱ्या व चित्रपट यांनीं आनंदीबाईंचें नांव घरोघर पोहोंचविलें हें उपकारच. पण त्यांत त्या बहुधा दुसऱ्या कोणाच्या हट्टानें घडलेल्या दिसतात. पत्रांत त्या स्वतः बोलतात.

येथें एक आक्षेप घेतां येईल. पत्रेंही कोणी तरी निवडूनच आपल्या हातीं दिलीं. मग वेस्टसाहेबांची रोजनिशी परकी आणि चरित्रांत आलेलीं पत्रें तेवढीं अस्सल, हा पंक्तिप्रपंच कां? आक्षेप रास्त आहे. परंतु निवडणारा कोण, यालाही महत्त्व आहे. आनंदीबाईंचें चरित्र व पत्रें मराठी वाचकांपुढें ठेवलीं तीं काशीबाई कानिटकरांनीं. आणि त्या स्वतः लग्नानंतर, नवऱ्याच्या इच्छेनें, घरच्यांचीं बोलणीं सोसून वाचावयास शिकल्या होत्या. त्यांनीं आपल्या नायिकेची केवळ आरती केली नाहीं; अवघड पत्रांनाही जागा दिली. शिवाय पत्रें मायबोलींत असल्यामुळें त्यांतील राग व माया यांवर परक्या व्याकरणाचा लगाम पडला नाहीं.

दोघांचाही शेवट मन विषण्ण करणारा आहे. ११ मार्च १८८६ रोजीं आनंदीबाईंना फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयाची पदवी मिळाली, आणि त्याच वर्षीं कोल्हापूर संस्थानानें आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयांतील स्त्रियांचा विभाग सांभाळण्यास त्यांना बोलावलें. त्यांनीं होकार दिला. पण २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास त्यांचा क्षयानें अंत झाला. त्या कामावर रुजू झाल्याच नाहींत. राजाराममहाराज कोल्हापुराहून गेले ते परतले नाहींत. आनंदीबाई कोल्हापुरास यावयाच्या त्या पोहोंचल्या नाहींत. महाराजांची छत्री आर्नो नदीच्या कांठीं फ्लॉरेन्सच्या उद्यानांत आहे. आनंदीबाईंची रक्षा कार्पेंटरबाईंनीं आपल्या कुटुंबाच्या स्मशानभूमींत, न्यूयॉर्क राज्यांतील पोकिप्सी येथें ठेवली. तें आल्बर्ट एडवर्ड रुग्णालय आज छत्रपती प्रमिलाराजे यांच्या नांवानें चालतें. त्याच्या दारावरून जातांना किती जणांना ही रिकामी राहिलेली जागा आठवत असेल?

शेवटीं आईबापांसाठीं एक शब्द. आतां आगबोट गेली. मुलें एका रात्रींत विमानानें पलीकडे पोहोंचतात, आणि उतरल्याबरोबर घरीं तोंड दाखवितात. रोज दोनदां विचारपूस होते, जेवणाचें ताट सुद्धां दाखविलें जातें. हें सुख आम्हांसही हवेंसें आहे. परंतु या दोन लेखनांवरून मनांत एक शंका येते. रोज विचारलें कीं रोजनिशीसारखें उत्तर येतें: अमुक पाहिलें, अमुक खाल्लें, सर्व कुशल. मुलाच्या मनांत खरोखर काय घडतें आहे तें कळावयास थोडें अंतर, थोडा उशीर आणि उत्तर मनाजोगतें न आलें तरी तें वाचण्याची आपली तयारी लागते. आनंदीबाईंचें तें कठीण पत्र गोपाळरावांनीं फाडून टाकलें असतें तर आज आपणांस त्या कळल्याच नसत्या. तें जपलें गेलें, हेंही त्या शिक्षणाचेंच एक फळ मानावें लागेल.