पुनर्दर्शनाची कसोटी : चार मराठी चित्रपटांचा पुनर्विचार

प्रास्ताविक :

चित्रपट एकदा चित्रपटगृहातून उतरला की तो प्रेक्षकाच्या स्मरणातच उरावा, अशी स्थिती दीर्घकाळ होती. दूरदर्शन, उपग्रह वाहिन्या, व्हीसीडी आणि आता मोबाईल यांमुळे ती पालटली. तरुणपणी आवडलेली कलाकृती वीस-तीस वर्षांनी पुन्हा पाहून आपल्या आवडीची पडताळणी करणे कोणालाही शक्य झाले आहे. या पडताळणीत निराशा पदरी आली की सामान्यतः दोन प्रतिक्रिया आढळतात. 'त्या काळी तसेच होते' ही पहिली व 'आज हे चालणार नाही' ही दुसरी. पहिली प्रतिक्रिया कृतीला अभय देते, तर दुसरी तिला निकालात काढते. मात्र दोन्हींचे गृहीतक एकच आहे. कृती ही आपल्या काळाची निव्वळ प्रतिध्वनी असते, असे दोन्ही पक्ष मानतात. प्रस्तुत लेखात 'कुंकू' (१९३७), 'पिंजरा' (१९७२), 'उंबरठा' (१९८२) व 'माहेरची साडी' (१९९१) या चार लोकप्रिय चित्रपटांतील स्त्रीचित्रणाच्या आधारे या गृहीतकाची तपासणी केली आहे.

'कुंकू' : काळाच्या पुढचा नकार

प्रभात फिल्म कंपनीचा आणि व्ही. शांताराम दिग्दर्शित 'कुंकू' हा ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवर आधारित आहे. जरठ-कुमारी विवाहाचा विषय मराठी प्रेक्षकाला नवा नव्हता. गोविंद बल्लाळ देवल यांचे 'संगीत शारदा' १८९९ मध्येच रंगभूमीवर आले होते. परंतु शारदेची सुटका अखेर सगोत्रतेच्या मुद्द्यावर होते; म्हणजे रूढीच्या तावडीतून रूढीच तिला सोडवते. 'कुंकू'मधील नीरेचे लग्न लागते आणि त्यानंतर ती वृद्ध पतीची पत्नी होण्यास स्वतःच्या विवेकाने नकार देते. शांता आपटे यांनी साकारलेला हा नकार आजही तितकाच धारदार वाटतो. पार्श्वसंगीताचा आधार न घेता घरातील आवाजांतून उभे केलेले वातावरण आणि काकासाहेबांच्या वार्धक्याशी जोडलेले भिंतीवरचे घड्याळ यांमुळे चित्रपटाची शैलीही शिळी झालेली नाही.

आजच्या प्रेक्षकाला खटकतो तो शेवट. केशवराव दाते यांनी रंगविलेले काकासाहेब पश्चात्तापाने आत्महत्या करतात व नीरा मुक्त होते. हा शेवट अतिनाट्यमय वाटणे स्वाभाविक आहे. तथापि काही जातींत रूढीने काडीमोड मान्य असली, तरी मुंबई इलाख्यातील पांढरपेशा हिंदू स्त्रीला घटस्फोटाचा कायदेशीर मार्ग १९४७ च्या मुंबई हिंदू घटस्फोट कायद्याने मिळाला. १९३७ मध्ये नीरेसमोर असे दार नव्हतेच. ही वस्तुस्थिती लक्षात घेता तो शेवट दिग्दर्शकाची सोयीस्कर पळवाट न राहता त्या काळातील कोंडीचे विधान ठरतो. चित्रपटाने आपल्या काळात नसलेल्या वाटेची मागणी केली, असे म्हणता येईल.

'पिंजरा' : त्याच दिग्दर्शकाचे माघारी पाऊल

'कुंकू'नंतर पस्तीस वर्षांनी शांताराम यांनीच 'पिंजरा' दिग्दर्शित केला. 'द ब्ल्यू एंजल' (१९३०) या जर्मन चित्रपटाशी असलेले त्याचे नाते सर्वज्ञात आहे. आदर्श शिक्षकाचा जिवंतपणी पुतळा होणे आणि अखेरीस स्वतःच्याच खुनाच्या आरोपाखाली त्याला शिक्षा होणे, ही कल्पना आजही अस्वस्थ करते. प्रतिमा जपण्यासाठी माणसाचा बळी द्यावा लागतो, हे सत्य डॉ. श्रीराम लागू यांच्या अभिनयातून प्रभावीपणे प्रकट होते. अध्यापनाच्या पेशातील प्रेक्षकाला तर ते अधिकच भिडते.

परंतु चंद्रकला या नर्तकीचे चित्रण मात्र टिकत नाही. मास्तरांच्या अधःपाताचे कारण म्हणून ती कथेत येते; तिच्या उपजीविकेचा, तिच्या निवडीचा विचार गौण राहतो. तो काळच तसा होता, हे समर्थन येथे अपुरे पडते. कारण अनंत माने यांच्या 'सांगत्ये ऐका' (१९५९) या चित्रपटात तमाशाचा फड हीच अन्यायाचा जाब विचारण्याची जागा ठरली होती. मराठी चित्रपटाने तेरा वर्षांपूर्वी तमाशातील स्त्रीला दिलेला आवाज 'पिंजरा'त क्षीण झाला आहे.

'उंबरठा' : खलनायकाविना संघर्ष

शांता निसळ यांच्या 'बेघर' या कादंबरीवरून विजय तेंडुलकर यांनी पटकथा लिहिलेला व डॉ. जब्बार पटेल यांनी दिग्दर्शित केलेला 'उंबरठा' पुनर्दर्शनात अधिक गहिरा वाटतो. स्मिता पाटील यांनी साकारलेल्या सुलभाचा छळ कोणी करत नाही. घर सुशिक्षित आहे आणि पती सुसंस्कृत आहे. या चांगुलपणाच्या मर्यादा कोठे सुरू होतात, याचा शोध चित्रपट घेतो. सुलभा अखेरीस घर सोडते, ती उपलब्ध वाट ओळखून आणि तिची किंमत मोजून.

या चित्रपटातही एक जागा अडखळवते. महिलाश्रमातील दोन स्त्रियांचे परस्पर आकर्षण येथे संस्थेपुढील एक समस्या म्हणून येते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानंतर हा प्रसंग पाहणाऱ्याला ही चौकट तोकडी वाटेल. मात्र ज्या काळात या विषयाचा उच्चारही टाळला जाई, त्या काळात त्याला पडद्यावर स्थान देणे हेच पुढचे पाऊल होते. येथे दोष आणि धैर्य एकाच प्रसंगात वसतात.

'माहेरची साडी' : सोसण्याचा गौरव

विजय कोंडके यांचा 'माहेरची साडी' हा 'बाई चाली सासरिये' या राजस्थानी चित्रपटावर बेतलेला होता. अलका कुबल यांच्या लक्ष्मीसाठी असंख्य स्त्रियांनी अश्रू ढाळले. या अश्रूंना हिणवणे हा समीक्षेचा उद्दामपणा ठरेल. घरात ज्या दुःखाला वाचा नव्हती, त्याला चित्रपटगृहाच्या अंधारात साक्षीदार लाभले, हे या लोकप्रियतेचे मर्म होय.

तथापि सासरच्या छळाविरुद्धचे भारतीय दंड संहितेचे कलम ४९८-अ १९८३ मध्येच आले होते आणि घटस्फोटाचा कायदा तर कितीतरी जुना होता. कायद्यातील वाट प्रत्येक स्त्रीच्या आवाक्यात नसते, हा आक्षेप रास्त आहे. चित्रपटाने उपाय सुचवलाच पाहिजे असेही नाही. परंतु असहायता दाखवणे वेगळे आणि सोसण्याला सद्गुणाचे आसन देणे वेगळे. नीरेला वाट नव्हती, तरी ती नकार देते. लक्ष्मीच्या काळात वाट असूनही चित्रपट तिच्याकडे पाहत नाही. म्हणूनच चोपन्न वर्षांनी नंतरची असूनही ही कृती 'कुंकू'पेक्षा जुनी वाटते.

निष्कर्ष :

१. कृतीचे वय तिच्या निर्मितीवर्षावरून ठरत नाही. 'कुंकू' आणि 'माहेरची साडी' यांची तुलना हे पुरेसे स्पष्ट करते.

२. पुनर्दर्शनात कृतीला आजच्या मूल्यांचा जाब विचारण्यापेक्षा, तिच्या स्वतःच्या काळात कोणत्या वाटा खुल्या होत्या आणि तिने त्या पाहिल्या काय, हा प्रश्न अधिक न्याय्य आहे. या कसोटीवर काळाची सबब चालत नाही आणि काळावर अन्यायही होत नाही.

३. एकाच कृतीतील काही भाग टिकतो व काही ढासळतो. 'पिंजरा' व 'उंबरठा' यांचा संपूर्ण स्वीकार वा संपूर्ण त्याग दोन्ही अनुचित होत.

४. वर्गात जुना चित्रपट दाखवताना त्या काळातील कायदे, साहित्य व समकालीन चित्रपट यांची ओळख आधी करून देणे अगत्याचे आहे. त्याविना विद्यार्थी 'कुंकू'च्या शेवटाला हसेल आणि 'माहेरची साडी'ला परंपरा समजेल. आणि त्याचा दोष विद्यार्थ्याकडे जाणार नाही.